मारून राहिला होता

अमरावती,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

आदरणीय मामा,
सप्रेम जय भीम. वि. वि.

१. गुरुवारी, ६ तारखेला दुपारी तीन वाजून बारा मिनिटांनी, नांदगाव पेठेच्या आमच्या गिरणीत यंत्रांची तपासणी करताना मी एक लूम, म्हणजे कापडाचा माग, बंद केला. त्याची संरक्षक जाळी कुणीतरी काढून ठेवली होती.

२. ठेकेदाराचा फिटर श्याम यानं लूम चालू करायला सांगितलं. मी नाही म्हटलं.

३. त्यानं हातातला पाना माझ्या डाव्या खांद्यावर मारला. एकदा.

४. त्याचा हात पुन्हा वर होता. मी उजव्या हाताचा एक सरळ ठोसा त्याच्या हनुवटीवर मारला.

५. तो पाठीवर पडला. डोकं लूमच्या लोखंडी पायावर आपटलं.

६. हे लिहीपर्यंत तो शुद्धीवर आलेला नाही.

चौथ्या ओळीत मी आधी ‘वर गेला’ लिहिलं, मग ‘खाली येत होता’ लिहिलं. दोन्ही खोडलं. ‘वर होता’ एवढंच मला खात्रीनं सांगता येतं.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि ही गोष्ट ओरडून सांगायची नाही, म्हणून स्पीड पोस्टानं लिहीत आहे. मोर्शीला आईला कळवलेलं नाही. तुम्हीही कळवू नका.

गुरुवारी, २० तारखेला गिरणीत चौकशी आहे. श्याम मला मारत असताना मी मारलं असेल, तर तो बचाव. तो थांबल्यावर मारलं असेल, तर नोकरी जाईल आणि गिरणी पोलिसांत तक्रार देईल. तो शुद्धीवर आलाच नाही तर पुढची कलमं कोणती, ते मी वाचायला घेतलं आणि मिटून ठेवलं.

कॅमेरा आहे, पण तो सेकंदाला चारच चित्रं घेतो. दोन चित्रांमध्ये पाव सेकंद जातो. माझ्या ठोशाला त्याहून कमी वेळ लागतो, हे तुम्हीच एकदा मोजलं होतं. पहिल्या चित्रात श्यामचा हात कानाजवळ आहे. दुसऱ्यात तो पडतो आहे. मधलं काही नाही. थांबलेल्या चित्रात हात वर जातो आहे, मारायला येतो आहे की खाली घेतला जातो आहे, हे कळत नाही.

साक्षीदार एकच, वच्छलाबाई. त्या दर्यापूरकडच्या, आमच्या खात्यात सुताच्या कांड्या लावतात. त्यांनी सांगितलं, ‘श्याम पायलबाईले मारून राहिला होता, तवा तिनं त्याले एक देल्ली.’ चौकशीचे साहेब पुण्याहून आले आहेत. त्यांनी कागदावर उतरवलं, ‘श्यामने मारणे थांबविल्यानंतर पायल यांनी प्रहार केला.’ आपल्याकडे मारून राहिला म्हणजे मारत होता. त्यांच्या कानाला राहिला म्हणजे थांबला. कागद भरभर वाचून दाखवला गेला आणि वच्छलाबाईंनी सही केली.

ही चूक मी त्याच दिवशी दाखवू शकले असते. दाखवली नाही. ती चूक आहे की नाही, हे मला ठाऊक नाही म्हणून.

मला भीती वाटते, मामा. काल खोलीतली मैत्रीण भावना हिनं माझ्या मागून कंगवा घ्यायला हात पुढे केला. मी वळले तेव्हा माझी मूठ तिच्या गालापासून वीतभर होती. ती हसली. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसले. ऑटोत आता मी उजवा हात मांडीखाली ठेवते.

तुम्ही तीस वर्षं पोरांना बॉक्सिंग शिकवलं. समोरच्याचा खांदा पाहून ठोसा येणार की नाही, हे तुम्ही आधीच सांगायचा. पहिल्या चित्राची प्रत सोबत आहे. पाहून सांगा, त्याचा हात येत होता का.

मामींना जय भीम. तुमचा लोभ होता तसाच राहो.

तुमची
पायल

•

अकोला,
मंगळवार, ११ नोव्हेंबर

चि. पायल,
जय भीम व अनेक मंगल कामना.

तुयं पत्र आज सकाळी भेटलं. चष्मा दोनदा पुसून वाचलं. मामाले पत्र लिहिलं का साहेबाले रिपोर्ट देल्ला, तेच समजे ना. नंबर टाकून कोनी रडते काय?

काहून भिऊन राहिली? फोटो पाह्यला. काहीच शंका नाही. त्याची मागची टाच उचललेली आहे, सारं वजन पुढच्या पायावर आहे. पुढं येनारा मानूसच असा उभा राह्यते. तो दुसरा पाना मारूनच राहिला होता अन् तू बराबर वक्तावर मारलं. तसं लिहून दे आन् दोन घास जेव.

नऊ वर्साची होती तवापासून तुले सांगून राहिलो का हात जलद असला म्हन्जे झालं नाही, वक्त पाह्यला पाह्यजे. मी पॅड वर आनाच्या आंधीच तू मारे. माया अंगठा तुयामुळं दोनदा सुजला, मामी हळद लावे आन् तुले शिव्या दे. पन तवाची गोष्ट तवा. आता तू शिकली.

त्या पुन्याच्या साहेबाचं माह्यावर सोड. मी वीस तारखेले येतो. त्याले म्हन्तो, साहेब, मी आता तुमच्याशी बोलून राहिलो, तं मी गप बसलो काय? चार लोकायसमोर फोटो हातात घेऊन टाच दाखवतो. तीस वर्स शिकवलं, माह्या शब्दाले काही तं वजन असंन.

तुयी मामी मनकर्णा पत्र आयकून उठूनच उभी राह्यली. मंग म्हने, मी येतो अमरावतीले, पोरीजवळ राह्यतो. मी म्हटलं तिचं होस्टेल आहे, तुले कोन घेईन. आता ती डब्याची तयारी करून राहिली. येसर आन् शेवया पाठवतो म्हन्ते.

खांद्याले शेक दे. आन् एक सांग, उजवं मनगट सुजलं काय? दुखते काय? तेवढं लिहून कळव.

लोभ तं तुयाच आहे, वेगळा काय मागाचा.

तुया मामा
शेषराव

•

अमरावती,
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

आदरणीय मामा,
सप्रेम जय भीम. वि. वि.

पत्र काल मिळालं. मामींना सांगा, मी दोन्ही वेळा जेवते.

श्याम बुधवारी शुद्धीवर आला. माणसं ओळखतो, पाणी मागतो. त्या दिवशी डबा खाल्ल्यानंतरचं त्याला काही आठवत नाही, आणि डॉक्टर म्हणतात की ते आठवणारही नाही. बातमी ऐकून आधी सुटल्यासारखं वाटलं. मग लक्षात आलं की त्याचा हात काय करत होता, हे सांगणारा माणूस आता उरला नाही.

म्हणून काल मी वच्छलाबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, ‘मारून राहिला होता ते मी पाह्यलं. थांबला का नाही, ते मले काय मालूम? तुमचा हात मले दिसलाच नाही बाई, तो पडला तेच दिसलं.’ मग त्यांनीच मला विचारलं की यात त्यांचं काम तर जाणार नाही ना. मी नाही म्हटलं. तेही मला ठाऊक नाही.

त्यांच्या वाक्याचा आपल्याकडे काय अर्थ होतो, ते मी साहेबांना लेखी दिलं. ते चिडले नाहीत. त्यांनी वच्छलाबाईंना पुन्हा बोलावलं आणि दुरुस्ती केली. आता कागदावर ‘मारत असताना’ आहे. वच्छलाबाईंनी जे म्हटलं तेच आता लिहिलेलं आहे, आणि ते माझ्या बाजूचं आहे. २० तारखेला मी नुसती मान हलवली तरी चालेल, असं एकूण दिसतं.

आता तुमच्या पत्राबद्दल. मी ते चार वेळा वाचलं.

मामा, फोटोत पाय नाहीत. श्यामच्या पुढे सुताचा मोठा रूळ आहे, त्यामुळे तो कमरेच्या वरच दिसतो. टाच कुठेच नाही. तुम्ही आयुष्यभर माणसांचे पाय पाहिलेत, तुमची चूक होणार नाही. तुम्ही फोटोत जे दिसलं ते लिहिलं नाही, मला जे हवं ते लिहिलं.

आणि मनगटाचं विचारलंत. ते का विचारलंत, हे तुम्ही लिहिलं नाही, पण मी तुमच्याकडेच शिकले. माणूस अंगावर येत असताना ठोसा बसला, तर त्याचं वजनही आपल्याच मनगटावर येतं. पट्टी न बांधता मारलं, तर दोन दिवस बादली उचलत नाही. पोरांना तुम्ही हेच विचारायचा, आणि उत्तरावरून ओळखायचा की ठोसा येणाऱ्याला बसला की उभ्याला.

माझं मनगट सुजलं नाही. दुखलंही नाही. दुसऱ्याच दिवशी, ७ तारखेला सकाळी मी त्याच हातानं भरलेली बादली जिना चढून वर नेली. ती नेताना मला काही वाटलं नाही. तुमचं पत्र आल्यावर वाटलं.

एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. एका मोजमापावर मी यंत्रही नापास करत नाही. पण २० तारखेला साहेब मला एकच प्रश्न विचारतील, आणि उत्तर देताना मला ‘वर होता’वर थांबता येणार नाही.

तुम्ही चौकशीला येऊ नका. आलात तर सगळ्यांसमोर टाच दाखवाल, आणि मला तिथेच सांगावं लागेल की टाच नाही.

फोटोची प्रत पुन्हा पाठवते आहे. खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात पाहा. फक्त उजवा खांदा आणि कोपर पाहा. ‘येत होता’, ‘खाली घेत होता’ किंवा ‘दिसत नाही’, यातलं एक लिहा. तिसरंही उत्तर मला चालेल.

मामींना जय भीम. तुमचा लोभ मला आयुष्यभर हवा आहे, फक्त या एका उत्तरात नको.

मंगळवार, १८ तारखेपर्यंत कळवावं.

तुमची
पायल