नळीतला पिवळा रंग

३ फेब्रुवारी
सकाळी सहाला शेवटच्या गल्लीतला नळ. काचेच्या नळीत पाणी, त्यात औषधाचे दोन थेंब. पिवळा रंग आला म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे, लोकांनी प्यायला हरकत नाही. वहीत लिहिलं: पिवळा. अकरा वर्षं हेच लिहितेय.

चहा पिता पिता दीर म्हणाला, "वहिनी म्हणजे सरकारची सून. नळाखाली नळी धरायची, पगार घ्यायचा. पाण्याला काय धाड भरलीय?"

७ फेब्रुवारी
खर्चकपातीचे तज्ज्ञ ऑफिसात आले. माझ्याच खुर्चीत बसले, मी उभी. म्हणाले, सार्वजनिक क्षेत्रानं आता उत्पादन दाखवायला हवं. तुमचं उत्पादन काय? मी नळी दाखवली. त्यांनी ती उजेडात धरून पाहिली, परत दिली.

मग विचारलं — अकरा वर्षांत पाणी किती वेळा दूषित निघालं?

एकदाही नाही, म्हटलं. वर मान करून म्हटलं! त्यांनी लिहून घेतलं, खाली रेघ मारली.

महिन्यातून एक-दोनदा रंग फिका येतो. मग मी पंपावरच्या मिस्त्रींना फोन करते, ते क्लोरीन वाढवतात. पण हे त्यांनी विचारलंच नाही. विचारलं तेवढंच सांगायची माझी सरकारी खोड, दुसरं काय.

१९ फेब्रुवारी
पद रद्द. कारण: गरज आढळली नाही. यापुढे बाहेरची कंपनी तीन महिन्यांतून एकदा पाणी तपासणार. रडू आलं — ऑफिसात नाही, जिन्यात. घरी दिरानं चेष्टा केली नाही. तेच जास्त लागलं.

२८ फेब्रुवारी
शेवटचा दिवस. वहीत लिहिलं: पिवळा. टेबल पुसलं, फोन पुसला, खोलीला कुलूप लावून किल्ली साहेबांना दिली. नळी आणि औषधाची बाटली पर्समधून घरी आली. चोरीच म्हणायची.

३ मार्च
सहाला जाग. भांडी घासली. घासलेलीच होती.

४ मार्च
दिराची मुलगी शाळेत गेली नाही. उलट्या. जाऊबाई म्हणतात, बाहेरचं काही खाल्लं असेल.

५ मार्च
राहवलं नाही. स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी तपासलं. रंग नाही. पुन्हा तपासलं. नाही. मिस्त्रींना फोन लावला.

"ताई, रजेवर होता का? क्लोरीन संपून चार दिवस झाले. ऑफिसात रोज फोन करतोय, कोणी उचलतच नाही."

ऑफिसात फोन एकच आहे. माझ्या टेबलावर.