इथं तो दरवेळी घसरते

प्रिय मोठेबाबा,

तुमचा मोबाईल मी अजून बंद केलेला नाही. तुम्हाला जाऊन आठ महिने झाले, पण दर महिन्याला त्याचं रिचार्ज मारते. तुम्ही होतात तेव्हाही तो फक्त मेसेजपुरता होता, त्यावर कुणी फोन करत नसे, कारण तुम्हाला ऐकूच येत नव्हतं. मग आता कोण करणार होतं? पण गेल्या मंगळवारी तो वाजला. मी नुकतीच शाळेतून सौंसरच्या घरी पोचले होते. पलीकडून एक बाई मोडक्या हिंदीत म्हणाली, "ऑरेंज मास्टर हैं क्या?"

मी खाली बसले. या नावानं तुम्हाला हाक मारणारं जगात कुणी उरलं असेल असं मला वाटलंच नव्हतं.

ती विल्सनची मुलगी होती. तुमच्या विल्सनची. मद्रासजवळच्या जुन्या लष्करी धावपट्टीवर जो मोटरसायकल पळवायचा, ज्याच्या गाडीचा आवाज तुम्ही मला तोंडानं काढून दाखवायचात, तो विल्सन अजून आहे. अंथरुणावर आहे. मुलीला ओळखत नाही, बोलत नाही. डॉक्टर म्हणाले, ओळखीचे आवाज ऐकवून पाहा. त्याच्या जुन्या डायरीत तुमचा नंबर होता, आणि मुलीला लहानपणी ऐकलेलं आठवत होतं, की संत्रीवाल्या मास्टरकडे पप्पांच्या शेवटच्या शर्यतीची कॅसेट आहे.

"बस वही एक रिकॉर्डिंग है दुनिया में," ती म्हणाली. "आपके पास है ना?"

मी म्हणाले, आहे. मोठेबाबा, मी आहे म्हणाले. म्हणून हे पत्र.

तुम्ही दर फेब्रुवारीत जायचात. पांढुर्ण्याच्या स्टेशनवर मद्रासकडे जाणारी गाडी थांबायची, हे तुम्ही तुमच्या नशिबाचं पहिलं कलम मानायचात. हातात कपड्यांची एक पिशवी आणि डोक्यावर मृग बहाराच्या संत्र्यांची टोपली. तिथे शर्यतीच्या आतल्या बाजूला पास असल्याशिवाय सोडत नसत, पण टोपली पाहून तुम्हाला सोडत. आईनं किती वेळा ऐकवलं असेल, "लोकं संत्रे घेऊन पोरगी पाहाले जातात, आमचे भाऊजी गाड्या पाहाले जाते." तुम्ही हसून म्हणायचात, "गाडी नकार देत नाही ना वं."

लग्न तुम्ही केलंच नाही. स्टेशनच्या रस्त्यावर गॅरेज होतं, आणि मी होते. तुमच्या धाकट्या भावाची मुलगी, चिमट्यानं प्लग उचलून देणारी.

त्या गाड्या मी कधी पाहिल्या नाहीत. दुसरी मोठी लढाई संपल्यावर साहेबलोक मागे ठेवून गेले, त्यांतल्या काही. एकच सिलेंडर, पण छातीत ठोका बसावा असा आवाज. सुटे भाग मिळत नसत, तर ही माणसं घरी घासून बनवायची. एक शिंपी होता, एक मासळीवाला होता, आणि विल्सन रेल्वेत फिटर होता. हे सगळं तुम्ही मला इथल्या रस्त्यांवर समजावलंत. मोहगावच्या आधीचं वळण आहे ना, तिथे गाडी अशी वाकते की गुडघा घासला जाते. जामसांवलीपासून सौंसरपर्यंत सरळ आहे ना, तिथे पोट टाकीवर टेकवून झोपते माणूस. आजही बसनं पांढुर्ण्याला येताना मोहगावजवळ माझा गुडघा आपोआप बाहेर होतो. शेजारची बाई बघते.

पुढे नवीन गाड्या आल्या, मधमाशीसारख्या बारीक आवाजाच्या. जुन्या एकेक करून भंगारात गेल्या. विल्सनची शेवटची शर्यत तुम्हाला आधीच कळली होती, म्हणून त्या वर्षी टेपरेकॉर्डर सोबत नेलात. कॅसेटच्या एका बाजूला नुसता वारा भरला गेला, कारण माईक वाऱ्याकडे धरला होता. मग बाजू बदलली आणि ती शर्यत आली. परत आल्यावर कॅसेटच्या पाठीचे ते दोन प्लास्टिकचे दात तुम्ही मोडून टाकलेत. ते मोडले की तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही. "आता हे कोणी पुसू शकत नाही," असं तुम्ही मला म्हणाला होतात. मलाच.

मी सहावीत होते. सौंसरला तालुक्याची भाषणस्पर्धा होती आणि माझं भाषण होतं, 'मी संत्र्याचं झाड बोलतेय'. बाईंनी सांगितलं होतं, स्वतःचा आवाज ऐकून सराव करा. कोरी कॅसेट कुठून आणणार? मला वाऱ्याची बाजू आठवली. तो वारा कुणाला हवा होता? गॅरेजमागच्या आपल्या घरात शेतातला कापूस पडला होता. चिमूटभर घेतला, मोडलेल्या दातांच्या दोन्ही भोकांत कोंबला, आणि मशीन फसलं. लाल बटण दाबलं गेलं. सलग भाषण म्हणत राहिले, बाजू संपत आली तेव्हा थांबले. नंतर कापूस काढून फेकला, म्हणजे कुणाला कळू नये.

दुसऱ्या दिवशी कळलं की बाजू चुकली होती. वारा तसाच होता. शर्यत गेली होती.

स्पर्धेत माझा दुसरा नंबर आला. स्टीलची एक वाटी मिळाली. ती मी कधी वापरली नाही.

तोपर्यंत तुमचे कान गेले होते. लहानपणापासून वाहायचे. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, पडदे गेले, आतलं सगळं ठीक आहे. तुम्ही त्यावर तुमचा उपाय काढलात. आधी लाकडी मुठीचा लांब स्क्रूड्रायव्हर, तुमचा पेचकस, इंजिनावर टेकवून मूठ कानाला लावायचात, सगळेच मिस्त्री लावतात तशी. मग मूठ दातांत धरायला लागलात. तशा स्थितीत बेअरिंगची बारीक खरखरही तुम्हाला सापडायची. गिऱ्हाईक हसायचे, पण गाडी तुमच्याकडेच आणायचे.

आणि दर रविवारी दुपारी तोच पेचकस टेपरेकॉर्डरवर टेकवून, मूठ दातांत धरून, डोळे मिटून तुम्ही ती शर्यत ऐकायचात.

त्या रविवारी मी दाराशी उभी होते. तुम्ही कॅसेट लावलीत. कपाळावर एक आठी आली. मला वाटलं, आता संपलं. तुम्ही डोळे उघडलेत, माझ्याकडे पाहिलंत, पुन्हा मिटलेत. मग मूठ तोंडातून काढून म्हणालात, "पाह्य वैशू, निघाला विल्सन."

मी जवळ आले. पाटीवर लिहून विचारलं, तुम्हाला काय ऐकू येतं?

"शब्द-बिब्द काही नाही वं. नुसती घरघर. मले तेवढी पुरते."

किती सुटल्यासारखं वाटलं होतं मला तेव्हा. मी आवाजाचं बटण अगदी खाली केलं, म्हणजे माझं ते झाड घरात कुणाला ऐकू जाऊ नये. तुम्हाला घरघरच हवी होती, ती बारीक आवाजातही मिळेल. आईला मात्र कळलं होतं. ती म्हणायची, "सांगून टाक भाऊजीले." मी म्हणायचे, त्यांना ऐकूच येत नाही, सांगून काय होणार? आई म्हणायची, "मंग लिहून दे. पाटी आहे ना?"

नाही दिलं लिहून. एक रविवार गेला, मग वर्ष गेलं. माझं लग्न झालं, आई गेली, मी सौंसरला शाळेत लागले. तरी रविवारी येत राहिले. तुम्ही पेचकस तोंडात धरायचात, मधे मधे काढून मला सांगायचात. आता दुसरा गिअर. आता वळण आलं. "इथं तो दरवेळी घसरते. पण पडत नाही, पाह्य. सावरते नि पुन्हा पळते." नऊ फेऱ्या. आठ फेऱ्यांत तो त्याच एका जागी घसरायचा. नवव्यात नाही घसरायचा, तेव्हा तुम्ही एक बोट वर करायचात. मी मान डोलवायचे. तीस वर्षं मान डोलवली. म्हातारा माणूस आठवणीतली शर्यत ऐकतोय, असं मला वाटायचं. मला तुमची कीव यायची, मोठेबाबा. ही लाज कुठे ठेवू?

मंगळवारच्या फोननंतर मी बुधवारी रजा घेऊन पांढुर्ण्याला आले. गॅरेजचं शटर दोघांनी मिळून उचललं, मी आणि समोरच्या चहावाल्यानं. तेलाचा वास तसाच आहे. कॅसेट टेपमध्येच होती. मी आवाज मोठा करून पूर्ण बाजू ऐकली, पहिल्यांदाच. शेवटी कुठे तरी थोडी शर्यत उरली असेल, एवढीच आशा होती.

"मी संत्र्याचं झाड बोलतेय." एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. माझा तो चिरका आवाज. 'पर्णसंभार' या शब्दाशी अडखळायचे, जीभ चावल्यासारखं हसायचे, आणि पुढे पळायचे. किती वेळा म्हटलंय ते मी बोटांवर मोजलं. नऊ. नवव्या वेळी पर्णसंभार नीट आला.

मी कॅसेट पुन्हा सुरुवातीला आणली.

मग मी आवाज खाली केला, तेव्हा ठेवायचे तेवढाच. कानांत कापूस घातला. पेचकस टेपवर ठेवला, मूठ दातांत धरली आणि तळव्यांनी कान दाबले. लाकडावर तुमच्या दातांच्या खुणा आहेत. माझे दात त्यांत बसले नाहीत, तुमचा जबडा मोठा होता. सगळं ऐकू आलं. अगदी स्वच्छ. प्रत्येक शब्द, मधला श्वास, मागे आईनं परात ठेवल्याचा आवाजसुद्धा.

गाड्यांच्या कॅसेटमध्ये शब्द कुठून येणार होते, मोठेबाबा? मी फक्त "काय ऐकू येतं" एवढंच विचारलं होतं. शब्द येत नाहीत, हे तुम्ही स्वतःहून का सांगितलंत? आणि अकरा वर्षांच्या मला ते कळलं नाही, ठीक आहे. चाळिशी ओलांडलेल्या मलाही कळू नये?

तुम्ही रागावायला हवं होतं. एकदा कानाखाली दिली असतीत तर मी रडले असते, सगळं सांगितलं असतं, आणि मग आपण दोघं मिळून त्या शर्यतीसाठी हळहळलो असतो. तुम्ही मला वाचवलंत आणि एकटेच हळहळत राहिलात. आयुष्यातला तुमचा सर्वांत आवडता आवाज मी पुसला, आणि तुम्ही त्या जागी दर रविवारी माझं भाषण ऐकत बसलात. का? माझ्यासाठी? की त्या आवाजाच्या जागी दुसरं काहीही चाललं असतं? हे मला आता कोण सांगणार?

बाजूच्या शेवटी दीड मिनिट उरलंय. शर्यत नाही, ती संपलेली आहे. माणसं पांगताहेत. लांबून कुणीतरी ओरडतं, "मास्टर, एक ऑरेंज!" आणि अगदी जवळून तुमचा आवाज येतो, तरणा, धापा टाकणारा. "चला. संपलं." मग खट्.

मी विल्सनच्या मुलीला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, जे आहे ते पाठवा. ते दीड मिनिट मी मोबाईलवर भरून पाठवलं. ऑरेंज मागणारा आवाज पप्पांचाच आहे, असं तिनं कळवलं. त्यांच्या कानाशी तीनदा लावलं. त्यांनी डोळे उघडले नाहीत. परवा सकाळी ते गेले.

आता त्या शर्यतीत पळणारा नाही, ती भरून घेणारा नाही, ती गाडी भंगारात कधीच वितळली असेल. धावपट्टीवर काय आहे मला माहीत नाही, आणि जाऊन पाहायची इच्छाही नाही. तुमची फेब्रुवारीची गाडी अजून पांढुर्ण्याला थांबते की नाही, तेही मी विचारलं नाही. उरलंय ते एवढंच, की विल्सन कुठे घसरला, कुठे सावरला, हे तुम्ही मला सांगितलंत. त्यातलं किती खरं होतं आणि किती तुम्ही माझ्या भाषणाच्या मापानं कापून बसवलंत, हे मला कधीच कळणार नाही.

तरी एक वचन देते. कॅसेटची ती भोकं उघडीच राहतील, त्यांत पुन्हा कुणी कापूस घालणार नाही. आणि दर रविवारी दुपारी मी इथे येईन. पेचकस टेकवीन, मूठ दातांत धरीन. झाड बोलायला लागलं की मूठ काढून मोठ्यानं सांगेन, निघाला विल्सन, दुसरा गिअर, वळण आलं. नऊच्या नऊ फेऱ्या. समोर कुणी मान डोलवायला नसेल, तरी सांगेन. रीळ तुटेपर्यंत.

आठ फेऱ्यांत त्या एका जागी तुम्ही काय म्हणायचात, ते मी म्हणणार नाही. तिथे मी गप्प बसेन आणि माझं ते अडखळून सावरणं ऐकेन.

तुमची,
वैशू