बाणावरून वय सांगणाऱ्यांसाठी

मी, चुडामण त्र्यंबक भारंबे, वय ७९, निवृत्त भूकरमापक, मूळ राहणार तालुका जामनेर, सध्या देवपूर, धुळे, हे मृत्युपत्र स्वखुशीने व शुद्धीवर असताना लिहून ठेवतो. शुद्धीचा डॉक्टरी दाखला सोबत जोडला आहे, कारण माझा मुलगा ललित पहिली शंका तीच काढील.

१. देवपूरचं घर ललित व मुलगी ज्योत्स्ना यांना निम्मं-निम्मं. मोजणी सरकारी भूकरमापकाकडूनच करून घ्यावी. ललितने पावलं मोजून भिंत घालू नये.

२. जामनेरकडची कपाशीची जमीन ज्योत्स्नाला. ललितला तिचा बांध कुठून कुठे जातो हे आजही माहीत नाही.

३. आता थिओडोलाईट, म्हणजे कोन मोजण्याचं पितळी यंत्र. १९८४ साली कचेरीतल्या निकामी सामानाच्या लिलावात मी ते घेतलं. पावती पेटीत आहे. मला चोर म्हणणाऱ्यांनी ती वाचावी, वाचता येत असल्यास. त्या दिवशी माझ्याविरुद्ध बोली लावणारा भंगारवाला म्हणाला होता, "भाऊ, हाई बठ्ठं पितळ शे, वितळाई टाकसूत." निदान तो प्रामाणिक होता.

यंत्रावर इंग्रज सरकारच्या मालकीची बाणाची खूण आहे. ती पाहून येणारा प्रत्येक शहाणा "दोनशे वर्षं जुनं!" म्हणतो. बाण मालक सांगतो, वय सांगत नाही. तोच बाण पिढ्यान्‌पिढ्या मारला गेला. वय काढायला मला अकरा वर्षं लागली. पाटीवर बनवणाऱ्याचा लंडनचा पत्ता आहे. त्या कारखान्याच्या मालाच्या जुन्या छापील सूच्या मी पत्रं लिहून मिळवल्या; त्यांत हा पत्ता १९११ पासून दिसतो, आधी दुसरा आहे. शिवाय यंत्राचा क्रमांक कचेरीच्या जुन्या साठा-नोंदवहीत १९२६ साली चढलेला मी स्वतः पाहिला. म्हणजे १९११ ते १९२६. याहून नेमकं मला सांगता येत नाही, आणि ज्याला येतं तो थापाड्या आहे.

ललित तसाच निघाला. जळगावचे जुन्या वस्तूंचे व्यापारी रोनकशेठ यंत्र पाहायला येणार म्हणून त्याने माझ्याकडे वयाचा सहीनिशी दाखला मागितला.

"१८०२ लिहा, आबा. शंभर वर्षं इकडंतिकडं, कोण पाहतंय?"

"मी पाहतोय," म्हणालो.

मी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी चार दिवस दवाखान्यात होतो, तेवढ्यात त्याने यंत्र नेऊन पाटीवर १८०२ कोरून आणलं. बेचाळीस वर्षांचा माणूस, आणि अक्कल एवढी, की आकडे कोरले तेही आजच्या दुकानी वळणाचे.

रोनकशेठ आले. भिंग काढून म्हणाले, "आकडा स्पष्ट आहे." एका डोळ्यावर पट्टी बांधून मी खाटेवर होतो. मी तोंड उघडण्याआधीच चहाचा ट्रे घेऊन आलेली सून हेमांगी म्हणाली, "शेठ, हा आकडा मागच्या मंगळवारी कोरलाय. खरं वय पत्त्यावरून काढतात. आबांनी काढलंय, वही दाखवू का?"

शेठ चहा न घेता उठले. ललित दोन महिने तिच्याशी बोलला नाही.

या मुलीला लग्नात मी पाहुण्यांदेखत 'कॉमर्सवाली, हिला काय कळणार' म्हणालो होतो. तीस वर्षांत माझ्या घरी आलेल्या वकील, मास्तर, पुढाऱ्यांपैकी कोणीही विचारलं नाही, ते तिने भाजी निवडताना विचारलं होतं: "आबा, बाणावरून कळत नाही, तर मग कशावरून कळतं?"

४. सबब थिओडोलाईट, पावती, सूच्या आणि माझ्या नऊ वह्या सौ. हेमांगीला, एकटीला. ठेवावं की विकावं, तिची मर्जी. विकल्यास खरं वय लेखी द्यावं. ललितचं १८०२ घासून काढायला जाऊ नये. पाटी पातळ आहे, पत्ताही जाईल.

५. दहाव्याला भाषणं नकोत. जिवंतपणी मी बरीच ऐकली.

६. हा मजकूर हेमांगीला दाखवलेला नाही. त्या दिवशी शेठ गेल्यावर तिने गार झालेला चहा परत गरम करून मला आणून दिला. मी "साखर कमी आहे" एवढंच म्हणालो. साखर बरोबर होती. तोंडाने हे सांगणं माझ्याच्याने होणार नाही, म्हणून येथे नोंदवतो.

सही: चु. त्र्यं. भारंबे

आमच्यासमक्ष सही केली:
१. झुलाल निंबा पाटील, शेजारी
२. सौ. सुंदरबाई पुना बडगुजर, शेजारी

धुळे, दि. १८ नोव्हेंबर २०२४