हलगी केजहून आणायची

फाल्गुन वद्य ३, सन १३२३ फसली

माफ कर बाई वही. दिवाळीनंतर तुला आज उघडतो आहे. दौतीत शाई वाळून गेली होती, आणि खरं सांगायचं तर लिहिण्यासारखं काही नव्हतं. हरभरा, खोकला, घरधनीण जानकीबाईची बोलणी. आता आहे!

होळी झाली. होळीची राख रेघा ओढायला टोपलीत भरून मारुतीच्या गाभाऱ्याशेजारी ठेवली. आजपासून देवळासमोर सूरपाट्यांचा, म्हणजे आट्यापाट्यांचा, सराव. हनुमान जयंतीला केजचे गडी इथं येणार. मानाची हलगी कैक वर्षं केजच्या देवळात टांगलेली आहे. जिंकेल त्या गावात ती वर्षभर राहते. मी खेळात सूर धरत होतो तेव्हा ती आमच्या वडगावात असायची. डोळे मिटायच्या आधी एकदा तिचा आवाज आपल्या वेशीत ऐकायचा आहे. दुसरं मागणं नाही.

आहे. पण ते उद्या.

फाल्गुन वद्य ४

यंदाचे गडी कसे आहेत ते लिहून ठेवतो, म्हणजे जीव थाऱ्यावर येईल.

पाशा — शेजारच्या रहेमतबीचा लेक. मधली उभी रेघ, म्हणजे सूर, त्याची. हात लांब, नजर घारीची. पुढून मागून कुठूनही पळत येऊन पाठीवर पंजा टाकतो. पण उजवा गुडघा! मृगात बैलानं पाडलं होतं तेव्हापासून कुरकुरतो. विचारलं तर म्हणतो, "आबा, फिकीर नका करू. गुडघा माझा हाय, मी बघतो."

शहादेव — दारासारखा रुंद. त्याच्या पाटीवरून, म्हणजे आडव्या रेघेवरून, जायचं तर समोरच्याला वळसाच घालावा लागतो. पण भाकरी खाल्ली की पेंगतो.

पंडित — चपळ. आपली पाळी पळायची आली की हाच लोण आणील, म्हणजे सगळ्या पाट्या पार करून परत येईल. मात्र माणसं जमली की ह्याचे पाय जमिनीला चिकटतात.

आप्पाराव — पाटलाचा. उशिरा येतो, जोडे घालून येतो. आज म्हणाला, "आबा, मला पुढची पाटी द्या. मागं कोण बघतंय?" मी म्हटलं, "पुढं लाज लवकर जाते, बाबा." सगळे हसले. तोही हसला. पोरगं वाईट नाही.

बाकीच्या पाट्या धरायला माणसं आहेत. धरतील. धरतील ना?

फाल्गुन वद्य ५

आता ते दुसरं. माझी धाकटी, तुळजा. पहिलटकरीण. बाळंतपणाला माहेरी आली आहे. भिवराबाई सुईण पोट बघून म्हणाली, "पुनवेच्या मागंपुढं हुईल." पुनवेच्या! सामना पुनवेलाच!

आणि तुळजा दिली आहे केजला. तिचा नवरा धर्मराज म्हणजे केजचा पहिला गडी. दर साली लोण आणतो तो हाच. सासऱ्याच्या गावाला दर साली हरवून वर पाया पडतो!

आमच्याकडची रीत अशी. राखेची रेघ पवित्र. ज्याच्या घरात मरणाचं सुतक असो की जन्माचं सोहेर, त्यानं रेघेवर पाय ठेवायचा नाही. मूल झालं की बापाला दहा दिवस सोहेर. ज्या घरात जन्मलं त्या घरालाही तीन दिवस. म्हणजे मूल सामन्याच्या आधी झालं तर धर्मराज बाहेर. आणि मीही बाहेर — सूरची पहिली रेघ ओढायचा मान माझा, तो जाणार.

रात्रभर डोळा नाही.

फाल्गुन वद्य ८

शहादेव सगळ्यांसमोर म्हणाला, "आबा, तुळजाक्काला म्हणावं जरा घाई करा. जावई घरी बसला की हलगी आपलीच!" मी त्याला वहाण फेकून मारली. लागली नाही.

पण घरी येताना तेच मनात. दोन दिवस आधी झालं तर काय बिघडतं? रेघ काय, दुसरा कोणी ओढील. मारुतीरायासमोरून जाताना मान खाली घातली.

जानकीबाई म्हणाली, "तोंड कावून असं केलंय?" म्हटलं, पित्त.

फाल्गुन वद्य ११

पाशाचा गुडघा सुजला. चुना-हळदीचा लेप लावला. रहेमतबी माझ्यावरच ओरडली — "पोराला घोडा समजताव का काय तुमी?" मग तिनंच कुळथाचं कढण करून त्याला आणि मला दोघांना पाजलं.

चैत्र शुद्ध १, पाडवा

जावईबापू आले. तुळजाला हिरवं लुगडं, मला पानपुडा, जानकीबाईला अंजिरं. जेवण झालं तरी माणूस अंगणातून हलेना. तुळजा आत, हा बाहेर. दाराच्या आडून तिनं विचारलं, "जेवलाव का नीट?" हा म्हणतो, "तू जेवलीस का?" पुन्हा तेच. पुन्हा तेच. मी उठून गोठ्यात गेलो. बैलाला काय, ऐकू आलं तरी चालतं.

चैत्र शुद्ध २

आज अघटित. जावईबापू सरावाला येऊन उभे राहिले. आप्पाराव फुरफुरला, "आबा, दुश्मन आत कावून घेतलाव?" धर्मराज म्हणाला, "दुश्मन न्हाई बे, पाव्हणा." आणि जोडे काढून आत उतरला.

काय सांगू! पाण्यातल्या मासोळीसारखा. शहादेवच्या काखेखालून गेला, शहादेव अजून तिकडंच बघतोय! परत येताना मात्र पाशा आडवा. दोघं समोरासमोर कितीतरी वेळ — हा डुलतो, तो डुलतो, दोघांच्या तोंडावर हसू. शेवटी धर्मराजनंच हात जोडले. "पाशाभाई, तुमच्यासाठी दुसरा रस्ता शोधाया लागतो."

मग पंडितला बाजूला घेऊन म्हणाला, "माणसांकडं बघू नकोस. समोरच्याच्या टाचेकडं बघ. टाच उचलली की त्यो गेला." आमच्या गड्याला शिकवलं! केजच्या माणसानं!

असा गडी सामन्याच्या दिवशी बाहेर बसावा? नाही. मारुतीराया, मागं म्हटलं ते विसर. मूल सामना झाल्यावर येऊ दे. हरलो तर ह्याच्या हातून हरू.

चैत्र शुद्ध ६

जावईबापू परत गेले. जाताना म्हणाले, "मामा, काही कमीजास्त झालं तर तसाच माणूस पाठवा. सामना गेला खड्ड्यात." मी हो म्हटलं.

आता काळजी उलटी. तुळजानं कळशी उचलली की मी ओरडतो. शिंकली की ओरडतो. पोरगी म्हणाली, "बाबा, हे काय मी हातानं धरून ठेवलंय का?"

चैत्र शुद्ध ९

पंडित टाचेकडं बघून पळतो. आज दोनदा लोण आणला! पाशाच्या गुडघ्याची सूज उतरली. आप्पाराव अनवाणी आला.

मला आशा वाटते आहे.

चैत्र शुद्ध १२

भिवराबाई म्हणते, अजून चार-सहा दिवस. देव पावला!

चैत्र शुद्ध १४

रीतीप्रमाणे सगळे गडी आज देवळात मुक्कामाला. मीही. घरी कोणी जायचं नाही. निघताना तुळजा दारात उभी होती. कमरेवर हात, तोंड पांढरं. विचारलं, दुखतंय का? म्हणाली, "उन्हानं. जावा तुमी. आणि बाबा — दोघंबी नीट खेळा." दोघं कोण, तर मी आणि तिचा नवरा. मी खेळतो कुठं! रेघ ओढतो. पण पोरीला ते खेळणंच वाटतं.

चैत्र पौर्णिमा, हनुमान जयंती

देवळाच्या पायरीवर बसून लिहितो आहे. अक्षर नीट येत नाही. येणार नाही!

सकाळी पागोटं घरी राहिल्याचं लक्षात आलं. निघालो, तर रहेमतबी वाटेतच आडवी. "घरी जाऊ नका आबा, सारवण ओलं हाय." मी म्हटलं, बाहेरूनच घेतो. "मी आणते की! तुमी बसा." आणलं. पागोट्याला ओव्या-शेपाच्या धुरीचा वास. म्हटलं, जानकीबाईला पडसं झालं असेल. म्हणूनच घरातलं कोणी सामन्याला आलं नाही. वाईट वाटलं.

रेघ ओढली. सरळ आली.

पंडितनं आमचा लोण आणला! आणला! माणसं ओरडत होती आणि हा टाचांकडं बघत पळत होता. मग केजची पाळी. आमच्या गड्यांनी एकेकाला बाद केलं. राहिला एकटा धर्मराज. सगळ्या पाट्या पार करून परत फिरला. शहादेव मागं पडला, आप्पारावही — पण काय झुंजला पोरगा! आता एकच पाटी. पाशा मागं. धर्मराज कडेला आला, जिथं मी उभा होतो. पळता पळता माझ्याकडं बघून बोलला, "मामा, ती बरी हाय ना?"

मी म्हटलं, "बरी हाय! अजून काही न्हाई!"

त्यानं श्वास सोडला. खांदे सैल झाले. तेवढंच. पाशाचा पंजा पाठीवर.

आधी मला कळलंच नाही की आपण जिंकलो. मग शहादेवनं मला उचललं. केजच्या म्हाताऱ्यांनी स्वतःच्या हातानं हलगी दिली. धर्मराज हसत पाया पडला. म्हणाला, "मामा, यंदा तुमी मला बाद केलंव." आणि ऊन उतरायच्या आत आपल्या गड्यांबरोबर गाड्यात बसून गेला.

पाशा मात्र म्हणाला, "आबा, मी धरला न्हाई. त्यो थांबला."

हलगी वाजते आहे. वेशीपर्यंत ऐकू जात असेल. आता घरी जातो, तुळजाला सांगतो.

चैत्र वद्य १

मुलगी झाली आहे. काल नाही — परवाच, दिवस मावळायला, मी देवळात गेलो त्याच्या मागोमाग. काल सकाळी माझ्या पागोट्याला धुरी लागली ती तिचीच. जानकीबाई, रहेमतबी, भिवराबाई, सगळ्यांना ठाऊक. मी ओरडलो तर जानकीबाई म्हणाली, "कानावर पडल्याबिगर सोहेर लागत न्हाई. म्हणून तर तुमच्या कानावर पडू दिलं न्हाई. लेकीनंच शपथ घातलीती — दोघांलाबी खेळू द्या म्हणून."

आता लागलं सोहेर. देवळात जाता येत नाही. हलगी रस्त्यावरूनच बघितली, आणि घरी येऊन नातीला बघितलं. हात लांब आहेत. सूर धरील.

पाशा पहाटेच साखर घेऊन केजला गेला आहे, गुडघ्याची पर्वा न करता. त्याच्याकरवी विचारलं आहे तेच इथंही लिहितो. जावईबापू, मी खोटं बोललो नाही, पण बोललो ते खोटं होतं. हलगी आम्ही ठेवू का परत पाठवू? पोरीचं नाव काय ठेवायचं? रागावला असाल तर तसं सांगा, पण पाशाला रिकाम्या हाती धाडू नका. मी ओट्यावरच बसलो आहे. लवकर कळवा.