आईचे धरणे-पारणे

॥ श्री ॥

पालम,
ता. २ जुलै १९७८

चि. सौ. सुमंगला हिस अनंताचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे कार्ड काल मिळाले. हैदराबादेत बसून भावावर तोफ डागणे सोपे आहे. इकडे काय हाल झाले ते ऐकून मग काय बोलायचे ते बोल.

ज्येष्ठात आईला झटका आला तेव्हापासून तिची उजवी बाजू गेली ती गेलीच. हात लाकडासारखा पडून राहतो, वाचा बंद आहे. समजते मात्र सगळे. कावेरीला सहावा चालू आहे, तिला आईला उचलणे होत नाही आणि मी शाळेत. पालममध्ये मालीश-व्यायाम करून घेणारे कोणी नाही. परभणीच्या डॉक्टरांनीच सांगितले की गावाबाहेर एका ट्रस्टचे शुश्रूषागृह निघाले आहे, तिथे तीन-चार महिने ठेवा, म्हातारी चालू लागेल.

मी आज तिकडूनच आलो. पांढऱ्या चादरी, अंगणात लिंबाची झाडे. व्यवस्थापक बन्सीधरजी मोठे अदबीने बोलतात. सत्यशीला नावाची बाई आईचे सगळे करते. नातेवाइकांनी फक्त रविवारी दुपारी भेटायचे, जेवणाच्या वेळी कोणी थांबायचे नाही, कारण घरचे माणूस समोर असले की रुग्ण हट्ट करतात. मला ही शिस्त आवडली. आई मला बघून रडली, पण ती कोणालाही बघून रडते आहे, तेव्हा त्याचे मनावर घेऊ नकोस.

दिनकररावांना नमस्कार, रेणूला गोड पापा. रागावलीस तरी लिहीत जा, एवढेच मागणे.

तुझा,
अण्णा

॥ श्री ॥

हैदराबाद,
ता. १० जुलै १९७८

ती. अण्णांस सुमंगलाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचले. चादरी पांढऱ्या आहेत हे वाचून माझा जीव भांड्यात पडावा अशी तुमची अपेक्षा असेल, तर तो पडला नाही. पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल, असा हा सौदा झाला. तुम्ही मास्तर माणूस. कुठेही घंटा वाजली आणि माणसे रांगेत बसली की तुम्हाला ते ठिकाण उत्तम वाटते.

आई माझ्याकडे आली की आठ दिवसांत पालमचा धोशा लावायची. नळाच्या पाण्याला चव नाही म्हणायची. शेजारच्या बाईने प्रेमाने आणून दिलेला चहा तिने तुळशीत ओतला होता, आठवते ना? ती तिथे कोणाच्या हातचे खाते? तिचे नऊवारी लुगडे नीट कोण नेसवते? डोक्यावरचा पदर घसरला तर तो सारखा करायला तिचा हात नाही, आणि सांगायला तोंड नाही. मला रात्रंदिवस हेच दिसते.

कावेरीवहिनींना म्हणावे, मी त्यांच्यावर रागावलेली नाही. पोटुशीला आईला उचलायला मी कशी सांगेन? मला तुमचा राग आहे आणि तो तुम्ही पुढच्या रविवारी जाऊन आलात की कमी होईल. हे म्हणतात की श्रावण संपला की रजा मिळेल, तेव्हा येईन.

भांडते तरी तुमचीच आहे, हे विसरू नये.

सौ. सुमंगला

॥ श्री ॥

पालम,
ता. १० ऑगस्ट १९७८

चि. सौ. सुमंगलास अनेक आशीर्वाद.

महिनाभर पत्र नाही म्हणून तू काळजीत असशील. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि इकडे आग लागली ती तू पेपरात वाचलीच असेल. पेपरात आले त्याहून जास्त झाले आहे. खेड्यापाड्यातल्या वस्त्या जाळल्या, माणसे रानात निजली. माझ्या वर्गातली कितीतरी मुले शाळेत नाहीत आणि हजेरी घेताना त्यांची नावे वाचायला मला लाज वाटते. एस.टी. बंद आहे. मी आईकडे गेलो तो तेवीस जुलैच्या रविवारी, त्यानंतर जाणे झालेले नाही.

पण एक चांगली बातमी आहे. परवा पोस्टातून परभणीला ट्रंककॉल लागला. बन्सीधरजी चिंतेत होते. म्हणाले की आजी चार घास खात नाहीत, ताट समोर ठेवले की तोंड फिरवतात, काय करावे कळत नाही. मला आधी धस्स झाले आणि मग एकदम उलगडा झाला. मी त्यांना हसून सांगितले की अहो, चातुर्मास लागला आहे, श्रावणही सुरू झाला. आमचे वडील गेल्यापासून आई दर चातुर्मासात धरणे-पारणे करते, एक दिवस उपास आणि एक दिवस जेवण. श्रावणात सोमवार-शनिवार आणखी वेगळे. तिच्या नेमात कोणी पडू नका. ते म्हणाले की बरे झाले सांगितलेत, धर्माचे काम आहे, आम्ही जबरदस्ती करणार नाही.

सुमे, वाचा गेली, अर्धे अंग गेले, पण बाईला तिथी कळते आणि नेम सुटत नाही. फोन ठेवला तेव्हा माझे डोळे भरून आले होते. कावेरीने शेजारपाजारी सगळ्यांना सांगितले.

तुझ्या वहिनीची तब्येत बरी आहे. आता तरी या भावाला थोडे गुण दे.

तुझा,
अण्णा

॥ श्री ॥

हैदराबाद,
ता. १७ ऑगस्ट १९७८

ती. अण्णांस शि. सा. न. वि. वि.

तुमचे पत्र वाचून मीही रडले. यांना वाचून दाखवले, देवापुढे साखर ठेवली. आपण दोघेही एकाच आईची शहाणी मुले.

काल संध्याकाळी रेणू जेवायला बसली आणि तिने नेहमीसारखा डावा हात वरणभातात घातला. तुम्हाला ठाऊकच आहे, आई इथे आली की तिचा तो हात गुडघ्याखाली दाबून धरायची आणि उजव्याने जेवायला लावायची. मी रेणूला म्हटले की आजीने बघितले असते तर फटका मिळाला असता. आणि माझा घास हातातच राहिला.

अण्णा, आईचा उजवा हात गेला आहे. ती कोणत्या हाताने जेवते?

कोणी भरवले तर जेवेल. समोर ताट ठेवून निघून गेले तर ती मरेल, पण त्या ताटात डावा हात घालणार नाही. हे तुम्हाला सांगायला हवे का? तुम्ही तिला तिथे एकदा तरी जेवताना पाहिले आहे का? ते तर तुम्हाला जेवणे आटोपल्यावर आत सोडतात. आणि धरणे-पारणे असेल तर एक दिवसाआड तिने जेवायला पाहिजे. बन्सीधरजी म्हणाले की ती खात नाही. ती एक दिवसाआड खाते असे ते म्हणाले नाहीत. ते तुम्ही म्हणालात.

हे स्टेशनवर चौकशी करून आले. मनमाडच्या गाड्यांचा भरवसा नाही आणि पोरीला घेऊन या दिवसांत निघू नको म्हणतात. माझे पाय बांधल्यासारखे झाले आहेत. एस.टी. नसेल तर सायकलने जा, बैलगाडीने जा, चालत जा. पत्र हातात पडेल तेव्हा निघा, आणि जेवणाच्या वेळी आत शिरा.

बाकी काही सुचत नाही. माझे चुकले असेल तर खुशाल हसा, मी हात जोडून ऐकून घेईन.

सुमंगला

॥ श्री ॥

पालम,
ता. २७ ऑगस्ट १९७८

चि. सौ. सुमंगलास आशीर्वाद.

आई घरी आहे. जिवंत आहे. हे आधी लिहितो म्हणजे पुढचे तुला वाचवेल.

तुझे पत्र सोमवारी शाळेत मिळाले. तसाच सायकलवर गंगाखेडला गेलो आणि तिथून रेल्वेने परभणीला. शुश्रूषागृहात पोचलो तेव्हा आत ताटे वाढणे चालू होते. दारावरचा माणूस आडवा आला, त्याला बाजूला केले. आईच्या खाटेजवळ स्टुलावर ताट होते आणि तेही उजव्या अंगाला, त्या मेलेल्या हाताशी. वरणावर माशा बसल्या होत्या. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी दुसऱ्याच कोणाच्या खाटेशी आलो असे मला क्षणभर वाटले, एवढी ती वाळली होती. एक पोरगी आली आणि न बघता ताट उचलून घेऊन गेली. पाठीला जखमा झाल्या आहेत. कूस बदलायलाही कोणी येत नसे.

सत्यशीला होती तोवर ती आईला भरवत होती. आपली आई, जी परक्याच्या घरचे पाणी घेत नव्हती, ती तिच्या हातचे मुकाट जेवत होती आणि मला ते माहीत नव्हते. गडबड सुरू झाली तशी सत्यशीलाची वस्ती जळाली. ती पोराबाळांना घेऊन पूर्णेकडे बहिणीच्या घरी गेली. तिच्या जागी कोणालाही नेमले नाही. चौकशी करायलाही कोणी गेले नाही.

व्हरांड्यात झरीचे किशनराव भेटले. जमीनदार माणूस, पण ओक्साबोक्शी रडत होते. त्यांचे वडील पाणी पीत नव्हते आणि किशनरावांना वाटे की वयामुळे असेल. वेळेवर भांडे कोणी देत नाही, कपडे ओले झाले की बाया आरडाओरडा करतात, म्हणून त्या म्हाताऱ्याने पाणीच सोडले. किशनराव म्हणाले की मास्तर, मला लय दिवसांपासून शंका होती, पण बापाला बाहेर ठेवलंय हे गावात कुन्या तोंडानं बोलावं. मीही कोणाला काही विचारले नव्हते. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, तसे चालले होते.

बन्सीधरजी तेवढ्याच अदबीने बोलले. माणसे मिळत नाहीत, दिवस वाईट आहेत, आणि उपासाचे तर तुम्हीच सांगितले होते. मला त्यांच्या गचांडीला हात घालायचा होता, पण त्या शेवटच्या वाक्याने माझा हात खाली आला. किशनरावांनी जीप आणली होती. त्यांनी आधी आईला पालमला पोचवले आणि मग वडिलांना घेऊन ते झरीला गेले. आम्ही दोघांनी मिळून जिल्ह्याच्या डॉक्टरांकडे तक्रारीचा अर्ज दिला आहे. आणखीही लोक सही करतो म्हणाले. काहीच केले नाही असे मन खाऊ नये, म्हणून दिला. त्यातून काय निघेल माहीत नाही.

कावेरी तिला भरवते. आई तिच्या हातून घेते. जखमा धुवायला कंपाउंडर येतो.

तू बरोबर होतीस. मला हसायला काही उरले नाही.

अण्णा

॥ श्री ॥

हैदराबाद,
ता. ४ सप्टेंबर १९७८

ती. अण्णांस शि. सा. न. वि. वि.

तुमच्या पत्राने तीन दिवस घरात चूल नीट पेटली नाही. तुम्हाला बोलावे तर तुमचेच शब्द आडवे येतात. तुम्ही एकटे थोडेच चुकलात, मी नाही का साखर ठेवली?

यांची रजा मंजूर झाली आहे. महालक्ष्म्या उठल्या की मी रेणूला घेऊन निघते. आईची पाठ कशी आहे ते लिहा. आणि एक गोष्ट तुमच्या पत्रात खटकली. कावेरीवहिनी भरवतात असे लिहिलेत, तुम्ही भरवता असे लिहिले नाहीत. लहानपणी तुमच्या ताटात शेवटचा घास ठेवून मगच ती जेवायची, ते काय मी विसरले? तुम्ही जवळ बसत नाही का? लाज वाटत असेल तर ती बाजूला ठेवा आणि घास घेऊन तिच्यापुढे बसा. आई आहे ती, चार दिवस रुसेल. मी आले की तिची समजूत घालते.

तुमची पाठीराखीण,
सुमंगला

॥ श्री ॥

पालम,
ता. १४ सप्टेंबर १९७८

चि. सौ. सुमंगलास अनंताचे आशीर्वाद.

महालक्ष्म्या आटोपल्या. आईला उशीला टेकवून आरतीला बसवले होते. जखमा भरत आहेत. पुरणाचे दोन घास कावेरीच्या हातून खाल्ले, एक शेजारच्या बायनाबाईंच्या हातून घेतला. बायनाबाईंनाच नवल वाटले.

तू विचारलेस म्हणून लिहितो. मी रोज बसतो. सकाळी शाळेत जायच्या आधी आणि संध्याकाळी आल्यावर, ताट घेऊन तिच्यापुढे बसतो. मी घास पुढे केला की ती तोंड मिटते. चिडत नाही, रडत नाही, मान फिरवत नाही. माझ्याकडे बघत राहते आणि ओठ मिटून ठेवते. मग कावेरी येते आणि तोच घास माझ्या हातातून घेऊन तिला भरवते.

हा रुसवा नाही, सुमे. आईच्या शेजारच्या खाटेवर पेडगावच्या तानुबाई होत्या. मी आईला उचलून नेत होतो तेव्हा त्यांनी मला थांबवून सांगितले, ते मागच्या पत्रात माझ्याने लिहवले नाही. सत्यशीला गेल्यावर सुरुवातीला आई तोंडाकडे बोट दाखवून भरवायला सांगायची. नव्या पोरीला कळत होते, कधी ती दोन घास द्यायचीसुद्धा. मग माझा फोन झाला. तानुबाई म्हणाल्या की त्या दिसापासून पोरगी ताट ठिवायची आन् म्हनायची, आजी, आज तुमाला उपास हाय, तुमच्या लेकानंच फोन करून सांगितलंय, काई देऊ नका म्हनून. आईनं दोन-तीन दिवस हात हलवून न्हाई न्हाई केलं आन् मंग बोट दाखवायचं सोडून दिलं. म्हणजे तिने ते रोज ऐकले. तिला सगळे समजते हे मीच तुला पहिल्या पत्रात लिहिले होते.

मी तिच्या पायाशी बसून सांगितले की आई, मला वाटले तुझा नेम आहे. तिने ऐकून घेतले. दुसऱ्या दिवशी मी घास पुढे केला तेव्हा ओठ तसेच मिटलेले होते.

तू येते आहेस, बरे वाटेल. स्टेशनवर मी येईन. फक्त तिची समजूत घालू नकोस. माझ्या बाजूने एक शब्दही बोलू नकोस. तू सांगितलेस तर ती तुझ्यासाठी तोंड उघडेल आणि मला तो घास नको आहे. मी बसतो आहे, बसत राहीन.

माझ्यावर लोभ ठेव, तो आता मला लागतो.

तुझा,
अण्णा