करंगळीची कळ

प्रिय ठकूस,

पोचल्याचं कळलं. निघताना मी तुझ्याशी धड बोलले नाही, त्याचं तुला वाईट वाटलं म्हणे. वाटू दे. मी अजून रागावलेलीच आहे.

मी भाजी आणायला गेले तेवढ्यात तू बाबांचा कॉम्प्युटर "स्वच्छ" केलास. परत आले तर वर हसून म्हणालीस, "आई, बाबांनी बटणं पार उलटीपालटी करून ठेवली होती. जगात असं कुणी वापरत नाही. आता सगळ्यांसारखं केलंय." अगं बाई, सगळ्यांची करंगळी बाबांसारखी होती का?

छापखान्याची पुस्तकं टाइप करून करून ती आखडली होती. कोपऱ्यातलं कंट्रोलचं बटण दाबताना ते दात आवळायचे. त्यांचा लिहायचा प्रोग्रॅम मात्र सांगू तसं ऐकणारा. कुठल्या बटणाने काय करायचं ते आपण ठरवायचं. म्हणून त्यांनी कंट्रोलचं काम अंगठ्याखालच्या आल्टला दिलं आणि आल्टचं कोपऱ्यात धाडलं. "एक कळ हलवली, दुसरी थांबली," म्हणायचे. माझी शाळा सातवीत सुटली. वाचायला मी त्यांच्या प्रुफांवर शिकले आणि टाइप करायला त्यांच्या शेजारी बसून, त्याच मांडणीवर. माझ्या हातांना दुसरी ठाऊकच नाही. ते गेल्यापासून घरात जिथे तिथे हात अडतो. फक्त तिथे अडत नव्हता.

आता ओळीचं शेपूट खोडायला जावं तर अख्खं वाक्य गडप. माझी अक्षरं नेहमी मागेपुढे होतात. अंगठा दाबून टी मारला की ती जागेवर यायची. आता अक्षरं तशीच राहतात आणि शब्दच एकमेकांच्या जागी जाऊन बसतात. काल 'सासू आणि सून'चं 'सासू सून आणि' झालं. आणि काय, ते देव जाणे! मोठी प्रोग्रॅमर ना तू? दुसऱ्याने बटणांची कामं लिहून ठेवलेली फाइल "जुनाट" म्हणून पुसण्याआधी विचारावं, एवढं शिकवत नाहीत का तुमच्यात?

ती फाइल कुठे सापडली तर पाठव. नाही सापडली तर मी त्या प्रोग्रॅमचं पुस्तक वाचून पुन्हा लिहीन. बाबाही तसेच शिकले होते. पण पत्र त्यासाठी नाही. दारात चपला घालताना तू म्हणालीस, घर विकून टाक, माझ्याकडे ये, तुझी खोली मी लावूनसुद्धा ठेवलीय. लावूनसुद्धा! सगळ्यांसारखीच लावली असशील. त्याचं उत्तर आत्ता लिहायला बसले, तर "मी येणरा नाही" असं उमटलं. सवयीने अंगठा दाबला, टी मारला, आणि शब्दच फिरले: "मी नाही येणरा". अक्षर हाताने नीट केलंय. शब्द आहेत तिथेच राहू देते, असेच जास्त बरोबर बसलेत.

मी नाही येणार.

तुझीच, पण आपल्या जागेवरून न हललेली,
आई