एका माईकवरचं ड्युएट

ता. ४ फेब्रुवारी

चि. चिमणी हिस ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

कालच्या तुमच्या कार्यक्रमाहून आले खरी, पण जीव अजून त्या हॉलमध्येच आहे. नेहमीप्रमाणे तुम्ही नवराबायकोंनी शेवटी जुन्या हिंदी सिनेमातलं ते ड्युएट काढलंत, आणि माझ्या शेजारची बाई, जी तोवर पर्समध्ये खडबड करत होती, ती एकदम गप्प झाली. काय आहे गं त्या गाण्यात? तो हळूच विचारतो, ती उत्तर देता देता विषय बदलते, तो तेच पुन्हा दुसऱ्या सुरात विचारतो. अख्ख्या गाण्यात प्रेमाचा उच्चार नाही. मग शेवटच्या कडव्यात दोघं एकदम गायला लागतात आणि कळतं, उत्तर मिळालं. कॉलेजात असताना ते रेडिओवर लागलं की आम्ही मैत्रिणी हातातलं टाकून बसायचो. तुझे भाऊजी असते तर त्यांनी काल शिट्टी मारली असती, आणि मी ओळख दाखवली नसती.

जुने गायक एकाच माईकसमोर उभे राहायचे म्हणून मेहुणेही तसाच हट्ट धरतात, ते मला फार आवडतं. तुझ्या पाठीवर त्यांचा हात काय गोड दिसतो. मी रुमालच काढला.

पण एक विचारते. त्या कोंदट हॉलमधल्या एवढ्या उकाड्यात लांब बाह्या कशाला? नंतर आत भेटायला आले तर तू मान वळवलीस, तेव्हा कानामागची पावडर पुसली जाऊन निळं दिसलं. न्हाणीघरात पडले म्हणू नकोस. ते तू मागच्या वेळी म्हणाली होतीस.

माया आहेच, उत्तर धाडून ती वाढव.

तुझी ताई


ता. ११ फेब्रुवारी

ती. ताईस चिमणीचा शि. सा. नमस्कार.

पडले नाही. त्यांनी मारलं. लिहून झालं एकदाचं.

पाठीवरचा हात तुला गोड वाटला. त्या हातात माझ्या कातडीची चिमूट असते. श्वास लांबला, एखादी हरकत जास्त घेतली, की पिळतात. माझ्या ओळीला टाळ्या पडलेल्या त्यांना खपत नाहीत. मागे एक म्हातारे गृहस्थ आत येऊन म्हणाले की बाई, गाणं तुम्ही खाल्लंत. घरी आल्यावर यांनी मला पेटीच्या कडेवर हात ठेवायला लावला आणि झाकण आपटलं. दोन नखं गेली. कानामागचं निळं दाराच्या चौकटीचं. केस धरून डोकं आपटलं होतं. मारताना ओरडत नाहीत. पेटीचा भाता चालू ठेवायला लावतात, शेजाऱ्यांना वाटतं रियाझ चाललाय.

मग राहतेस कशाला, असं विचारशील. हसू नकोस, त्या गाण्यासाठी. विंगेत माझा दंड पिरगाळून बाहेर येतात आणि पहिली ओळ अशी विचारतात की मला दर वेळी खरं वाटतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी असतं, आणि ते खोटं नाही. गाणं चालू असेपर्यंत मी लाडकी असते. तो गाणारा माणूस त्यांच्यात कुठेतरी आहे ताई. फक्त तो घरी येत नाही.

रागावलीस तरी जवळ ठेव.

तुझी चिमणी


ता. १६ फेब्रुवारी

श्री. मेहुणे यांस स. न. वि. वि.

चिमणीने मला सगळं लिहिलं आहे. पोलिसांत जावं असंच आधी मनात आलं. पण तुम्ही ती पहिली ओळ गाता तेव्हा मी समोर बसलेली असते. ज्याला एका बाईला इतकं हळुवार विचारता येतं, तो मुळात दुष्ट असेल हे मला पटत नाही. हे पत्र मी त्या माणसाला लिहिते आहे. तिच्या अंगावर हात टाकू नका. धमकी देत नाही, विनवते आहे.

आपला लोभ तिच्या वाट्याला येवो.

ताई


ता. २२ फेब्रुवारी

ती. ताई यांस शि. सा. न. वि. वि.

आपलं पत्र पोचलं. कॉन्व्हेंटात शिकूनही किती सुंदर मराठी लिहिता. चिमणीला समोर बसवून मी ते मोठ्यांदा वाचून दाखवलं. तिचं लक्ष नव्हतं म्हणून पुन्हा वाचलं. आता तिला आपल्याला काही लिहावंसं वाटत नाही. घसाही बसला आहे. हवा बदलली की होतं.

रविवारचा कार्यक्रम मात्र ठरल्याप्रमाणे होईल, रसिकांना ड्युएट लागतंच. बहिणीच्या संसारात नाक खुपसलं की नाक तुटतं, कुणाचं ते आधी सांगता येत नाही. प्रकृतीस जपावं. या वयात एकटं राहणं बरं नव्हे.

आपल्या मायेचा भुकेला,

मेहुणा


ता. ३ मार्च

ती. ताईस चिमणीचा शि. सा. नमस्कार.

हे आमच्या तबलजींच्या घरून लिहिते आहे. त्यांची बायको मला चमच्याने भरवते आणि मी गिळलं नाही तर दटावते.

तुझं पत्र मला वाचून दाखवताना हे 'हळुवार' या शब्दाशी थांबले, हसले आणि माझा गळा धरला. दोन्ही अंगठे मधोमध. म्हणाले, बघू या यातून अजून काय काय बाहेर येतं. शुद्धीवर आले तर ते शेजारी कोमट पाण्यात मध ढवळत बसले होते, रविवारसाठी.

रविवारी गळ्याला रुमाल बांधून मला उभी केली. त्यांनी पहिली ओळ विचारली, तशीच, तितकीच गोड. आणि पहिल्यांदाच मला ती खरी वाटली नाही. मी तोंड उघडलं तर नुसती हवा आली. लोक हसले. यांनी माझी ओळ बायकी आवाजात म्हणून वेळ मारून नेली, वर टाळ्या घेतल्या. विंगेत येताच माईकचा स्टँड माझ्या बरगडीत घातला. वाकले तर पुन्हा. तबलजी मध्ये पडले, त्यांच्या मनगटावर बसला. हाड मोडलेलं मला ऐकू आलं. स्टँड परत वर गेला तेव्हा माझ्या हाताला गुळण्यांच्या पाण्याचा स्टीलचा थर्मास लागला. तो मी यांच्या तोंडावर हाणला. हे खाली बसले तरी मी थांबले नाही. ओठ फाटला, पुढचे दात माझ्या पायाशी पडले. पडद्यापलीकडे लोक वन्स मोअर म्हणत होते.

बोलता येत नव्हतं म्हणून पोलिसांना सगळं लिहून दिलं. तबलजींनी साक्ष दिली. हे इस्पितळात आहेत आणि दारावर शिपाई आहे.

पत्राचं मनाला लावून घेऊ नकोस. ज्याला तू लिहिलंस त्याची वाट मीही इतकी वर्षं बघत होते. तिथे तसा कोणी नाही, हे आपल्या दोघींना एकदमच कळलं.

शनिवारी येते. बरगड्या बांधल्यात, तेव्हा कवटाळू नकोस आणि हसवू नकोस. डॉक्टर म्हणतात सूज उतरेल, पण वरचे सूर परत येतीलच असं नाही. काल केस विंचरताना गुणगुणून पाहिलं. आवाज पुरुषी, घोगरा झालाय. तरी ते ड्युएट मी सोडणार नाही, गाणं काही त्यांच्या बापाचं नाही. त्याच्या ओळी आता मी म्हणेन, तिच्या तू म्हण. शाळेत सिस्टरनी तुला प्रार्थनेच्या वेळी नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं, माहीत आहे मला. खुशाल बेसूर गा. चुकलीस तर मी थांबेन, आणि पुन्हा विचारेन.

दार उघडं ठेव, एवढाच लोभ.

तुझी चिमणी